हेडसाहेबांनी रंगाच्या बंदुकीनिशी कपाट सर केले त्याची हकीकत

श्री. घराला भिंती आहेत आणि भिंतींना रंग लागतो तोवर ही हकीकत कायम राहावी, म्हणून जे घडले ते जसेच्या तसे, आणि जे घडायला हवे होते तेही योग्य ठिकाणी घालून, येथे लिहिले आहे. वाचणाऱ्याने मनात शंका आणू नये, आणि आणलीच तर ती मनातच ठेवावी.

ऐसियास, एका बऱ्यापैकी गजबजलेल्या रस्त्यावर, तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या, एक स्वयंपाकघर आणि एक सज्जा इतक्या मुलखावर राजमान्य राजश्री हेडसाहेब यांचा अंमल होता. साहेबांनी पाणीपट्टीच्या खात्यात हेडक्लार्कीची मसनद बत्तीस वर्षे सांभाळली, आणि मग निवृत्त होऊन मसनद तेथे ठेविली पण दरारा तेवढा घरी घेऊन आले. मुलखात एकच रंग चाले, तो बदामी. भिंती बदामी, दारे बदामी, टेबल बदामी, खुर्च्या बदामी, सज्ज्यातले कठडेही बदामी, कारण बदामीवर मळ दिसत नाही असा साहेबांचा सिद्धांत होता. जो दिसत नाही तो मळच नव्हे असा दुसराही सिद्धांत होता, परंतु तो खात्यातला होता, त्याचा येथे विस्तार नको.

त्या बदामी मुलखात एकच ठाणे साहेबांचे नव्हते. ते म्हणजे आतल्या खोलीतले दोन दारांचे लाकडी कपाट. बाईसाहेब घरी शिवणकाम करीत, आणि त्या कपाटात त्यांची कापडे, रिळे, बटणांचे डबे आणि अर्धवट शिवलेली झंपरे राहात. ते त्यांनी स्वतःच्या शिलाईतून घेतले होते, आणि गेल्या रंगकामात तेही बदामी जाहले, त्याचे शल्य बाईसाहेबांनी सतरा वर्षे उरात बाळगले होते, आणि साहेबांस ते ठाऊक नव्हते, कारण विचारण्याची वहिवाट त्या घरी नव्हती.

मग एके दिवशी व्याह्यांकडून फोनवर तसबीर आली. व्याह्यांनी विजेवर चालणारी रंग फवारण्याची बंदूक आणून आपले फाटक स्वहस्ते रंगविले होते, आणि फाटकापुढे ती बंदूक खांद्याशी धरून, एक पाय पुढे टाकून, वाघ मारल्यासारखे उभे राहिले होते. बाईसाहेबांनी तसबीर बोटांनी मोठी करून पाहिली, आणि उद्गारल्या की, "बघा. तुमच्याच वयाचे आहेत."

हे चार शब्द कानी पडताच साहेबांचे मस्तक तापले. तत्काळ मसलत बसली, मसलतीस साहेब एकटेच हजर होते, आणि ठराव एकमताने मंजूर होऊन चौथ्या दिवशी कुरिअरवाल्याच्या हस्ते बंदूक दाखल जाहली. काय तिचे वर्णन करावे! मागे भोपळ्याएवढी मोटर, खाली रंगाचा पेला, पुढे पितळी तोंड, आणि वीतभर घोडा. तो दाबिला असता पेल्यातला रंग धुक्यासारखा सुटावा आणि लाकडावर जाऊन साईसारखा बसावा, असा तिचा महिमा.

परंतु रंगवावे काय? साहेब घरभर हिंडले. तेव्हा बाईसाहेबांनी शिवणयंत्रावरून मान वर न करिता हुकूम सोडिला तो येणेप्रमाणे: "माझं कपाट घ्या. रंग मी ठरवणार, निळा. घरात एवढं एकच माझं आहे, नीट ध्यानात ठेवा. रविवारी व्याही जेवायला यायचेत. बिघडवलंत, तर त्यांनाच सांगेन, येताना तुमची बंदूक घेऊन या म्हणून."

आता पाहा, प्रसंग किती बाका. एकीकडे बाईसाहेबांचे ठाणे, दुसरीकडे व्याही आपल्या घरात येऊन, आपल्या डोळ्यांदेखत, आपल्या मुलखात बंदूक चालविणार, आणि वर "काही नाही हो, सोपं असतं" असे म्हणणार! तेव्हा निळा तर निळा, असा तह करून शुक्रवारी सकाळी मोहिमेस प्रारंभ जाहला.

बाईसाहेबांनी कपाट रिकामे करून दिले. गठ्ठे पलंगावर गेले, रिळे टोपल्यांत गेली, आणि रिकाम्या कपाटाकडे एकवार पाहून त्या बाहेर निघून गेल्या. मग साहेबांनी जुनी वर्तमानपत्रे आणि चिकटपट्टी घेऊन मोर्चेबांधणी केली. जमीन झाकिली, पलंग झाकिला, खिडकी झाकिली, विजेची बटणे झाकिली, आणि स्वतः जुना रेनकोट चढवून, नाकातोंडास पंचा गुंडाळून, डोळ्यांस चष्मा लावून सिद्ध जाहले. एवढे झाकले की झाकायचे काही उरले नाही, फक्त छताचा पंखा तेवढा चालू ठेविला, कारण रेनकोटात उकडत होते.

बंदुकीबरोबर एक पुस्तिका आली होती. तीत लिहिले होते की रंग पातळ करावा, फडक्यातून गाळावा, आणि आधी पुठ्ठ्यावर हात चालवून पाहावा. साहेबांनी ती अथपासून इतिपर्यंत वाचिली, आणि पुठ्ठ्याशी येऊन थबकले. बत्तीस वर्षांत त्यांनी कधी कच्चा मसुदा केला नव्हता. खालचे कारकून कच्चे करीत, साहेब थेट पक्के लिहीत. सबब पुठ्ठा नामंजूर, आणि पुठ्ठ्यासोबत गाळणेही नामंजूर, असा शेरा मारून त्यांनी डब्यातला रंग, डब्यात होता तसा, दाट, पेल्यात ओतिला आणि घोडा दाबिला.

मोटर गरजली. खिडकीची तावदाने थरारली. खालच्या मजल्यावरचे कुत्रे भुंकू लागले. आणि बंदुकीच्या तोंडून एक थेंब, जणू सर्दी जाहलेल्या माणसाच्या नाकातून पडावा तसा, टपकन साहेबांच्या चपलेवर पडला. मग दुसरा पडला. मग तोंड तुंबले आणि मोटर नुसतीच घोंघावू लागली. पहिल्या हल्ल्यात असे अपयश आले.

त्याउपरि साहेबांनी रंगात पाणी घातले. किती घातले? खात्यात पाण्याचे माप दुसऱ्याने घेऊन साहेबांनी सही करावी असा रिवाज होता, येथे दुसरा कोणी नव्हता, म्हणून तांब्या होता तेवढा ओतिला. आणि बंदूक अशी सुटली की ज्याचे नाव ते! निळे धुके उठले, ते पंख्याने धरिले, आणि गरगरा फिरवून खोलीभर वाटून दिले. साहेबांच्या भुवया निळ्या जाहल्या, पंचा निळा जाहला, आणि चष्म्याच्या दोन्ही काचांवर बारीक थर बसून साहेबांस समस्त जग निळे दिसू लागले. डावीकडे पाहावे तो निळे, उजवीकडे पाहावे तो निळे. तेव्हा कपाट एका दमात फत्ते जाहले असे समजून साहेबांनी घोडा सोडिला आणि खुशीत आरोळी दिली की, "अहो, या! झालं!"

बाईसाहेब आल्या. त्यांनी आधी पंखा बंद केला. मग साहेबांचा चष्मा काढून घेऊन पदराने पुसला आणि परत त्यांच्या नाकावर ठेविला.

साहेबांनी पाहिले. कपाटाच्या डाव्या दारावर पुसट निळा घाम सुटला होता, आणि उजवे दार बदामीचे बदामी होते.

बाईसाहेबांचे लक्ष दारावर नव्हते, पलंगावरच्या गठ्ठ्यांवर होते, आणि त्या हलकेच एवढेच म्हणाल्या की, "ठेवायचं कुठं आता हे?"

साहेबांस ते लागले. त्यांनी शनिवारी सकाळी तिसरा हल्ला नेटाने केला. पॉलिशपेपराने दार घासले, पुसले, रंग बेताचा पातळ केला, गाळिलाही, आणि बंदूक वीतभर अंतरावर धरून हात चालविला. आणि काय नवल, पहिला पट्टा झक्क उमटला! परंतु येथेच घात जाहला. साहेबांची बत्तीस वर्षांची सवय अशी की कोणताही कागद असो, एकेका ओळीवर बोट ठेवावे, थांबावे, पाहावे, मग पुढे जावे. तसे ते हातभर पट्टा मारून थांबले आणि वाकून तपासू लागले, पण बोट घोड्यावरच राहिले. रंग एका जागी साचला, फुगला, आणि ओघळ होऊन खाली निघाला. तो ओघळ पाहण्यास साहेब पुन्हा थांबले, तो दुसरा ओघळ. पाच ठिकाणी तपासणी जाहली, पाच ओघळ जाहले, आणि डावे दार एखाद्याने ढसढसा रडावे तसे दिसू लागले.

तेव्हा साहेब पालथ्या टोपलीवर बसले. बंदूक मांडीवर ठेविली. उद्या व्याही येणार, ओघळ मोजणार, आणि दिलाशाचे दोन शब्द बोलणार, तो दिलासा डोळ्यांपुढे येऊन साहेबांच्या तोंडचे पाणी पळाले.

बाईसाहेब दारात उभ्या राहून कधीच्या पाहात होत्या. पुढे येऊन फर्मावत्या जाहल्या की, "उठा. द्या इकडं."

"तुला येणार नाही. वजनदार आहे," असे साहेब म्हणाले.

"शिवणयंत्रावर पाय चालू आणि कापड थांबलं, की दोऱ्याचा गुंता होतो. चाळीस वर्षं करतेय. तुमचंही तेच झालंय. घोडा दाबला की हात थांबवायचा नाही, आणि थांबायचं तर आधी घोडा सोडायचा. सरका."

मग त्यांनी ओल्या फडक्याने ओघळ पुसले, दार पुन्हा घासले, पदर खोचला, आणि हात सुरू केला. पट्ट्याच्या आधी घोडा, पट्ट्याच्या पार गेल्यावर घोडा बंद, परत येताना निम्मा पट्टा आधीच्यावर, जशी दुहेरी शिवण. मोटर तीच, रंग तोच, परंतु आवाज निराळा येऊ लागला, गुणगुणल्यासारखा. चहा निवावा इतक्या वेळात दोन्ही दारे, बाजू आणि माथा मिळून सर्व कपाट गर्द निळे होऊन उभे राहिले. साहेब रेनकोटात बाजूस उभे राहून, "डावीकडं, हां, डावीकडं," असा हुकूम देत होते, आणि तो हुकूम कोणी ऐकत नव्हते.

रविवारी व्याही आले. जोडे काढून आधी आतल्या खोलीत गेले, खिशातला चष्मा लावला, कपाटावरून उलटा हात फिरविला, कोपरे पाहिले, बिजागरीपाशी वाकून पाहिले, आणि अखेर कष्टाने कबूल जाहले की, "हात सरळ आहे हो तुमचा. माझ्या फाटकाला दोन ओघळ राहिलेत, मी तसबिरीत त्यांच्यापुढं पाय ठेवला होता."

बाईसाहेब हातात पाण्याचा तांब्या घेऊन उंबऱ्यात होत्या. त्यांनी साहेबांकडे पाहिले, आणि थोडा वेळ दिला. खरे बोलायला पुरेल इतका.

साहेब खाकरले, आणि उत्तर करते जाहले की, "बत्तीस वर्षांची शिस्त. दुसरं काय."

व्याह्यांनी मान तुकविली. बंदूक हाती देऊन साहेबांची तसबीर काढिली, आणि ती चारही दिशांस रवाना जाहली. बाईसाहेबांनी पाणी ठेविले, वाढले, आग्रह केला, हसल्याही, आणि चकार शब्द काढिला नाही.

सोमवारी साहेब फेरफटका मारून परतले तो घरातून मोटरचा नाद येत होता. दार उघडून पाहतात, तो स्वयंपाकघराचे दार निळे. सज्ज्यातले कठडे निळे. चार खुर्च्या ओळीने निळ्या, आणि बाईसाहेब खास साहेबांच्या टेबलापुढे बंदूक घेऊन उभ्या, टेबल अर्धे गेलेले.

"अगं! हे काय आरंभलंस? कुणाला विचारून?"

"हात तुमचा सरळ आहे, असं चारचौघांत ठरलंय. लोक विचारतील, हेडसाहेब एका कपाटावरच थांबले का म्हणून. तुमचं नाव राखतेय."

साहेबांनी तोंड उघडिले. व्याह्यांची आठवण जाहली. तोंड मिटिले.

"बरं. मग मी बसू कुठं?"

"संध्याकाळपर्यंत कुठंही टेकायचं नाही, सगळं ओलं आहे. उभे राहा. बत्तीस वर्षं लोकांना उभं केलंत ना टेबलापुढं, एक दिवस बघा कसं वाटतं."

येणेप्रमाणे राजमान्य राजश्री हेडसाहेब यांनी कपाट, पाठोपाठ एक दार, कठडे, चार खुर्च्या आणि एक टेबल सर करून निळा अंमल बसविला, अशी नोंद पक्क्या शाईने केली असे. फत्ते साहेबांच्या नावे लिहिली. साहेब त्या समयी खोलीच्या मधोमध, कशासही न टेकता, हात अंगाशी धरून उभे होते, आणि टेबलावर त्यांचे काम केव्हा होईल, ते त्यांस कोणी सांगत नव्हते.