सरकार, जरा सरक

दर वर्षी पऱ्हाटीची लागवड आटोपली की वासुदेवभाऊ बांधे इस्त्रीचा सदरा घालतात, भाकरीचा डबा आणि चादर घेतात, तालुक्याच्या ठाण्यात जातात आणि म्हणतात, "मले अटक करा."

ठाणेदार त्यांना चहा पाजतात. भाऊ चहा पितात, चादर काखोटीला मारतात आणि नाराज होऊन आमच्या गावी, वडनेरला परत येतात.

गुन्हा तसा खरा आहे. तणनाशक फवारलं की गवत मरतं पण पऱ्हाटी मरत नाही, असं कपाशीचं एक बियाणं आहे. सरकारची त्याला परवानगी नाही. त्यामुळे ते चोरून मिळतं आणि आमच्याकडे त्याला चोर बीटी म्हणतात. बाकीचे लोक ते गुपचूप लावतात आणि कोणी विचारलं तर आभाळाकडे बघतात. भाऊ गावभर सांगून लावतात. "बियान्याले चोर म्हनता, मंग चोराले धराले काय होते? कोर्टात न्या, तिथं बोलतो मी," ही त्यांची तक्रार.

आडनाव बांधे, पण या माणसाला बांधलेलं काहीच खपत नाही. बियाणं, बाजार, भाव, सगळं मोकळं असावं. ज्याला जे पाहिजे ते त्यानं घ्यावं, विकावं, आणि बुडायचंच असेल तर स्वतःच्या अकलेनं बुडावं. हे सगळं तत्त्वज्ञान त्यांनी एका वाक्यात बसवलंय, "सरकार, जरा सरक." एसटीच्या दारात अडून उभ्या माणसाला हेच, चुलीपुढच्या मांजरीलाही हेच. पंगतीत वाढप्यानं जिलबीचा आग्रह केला तर म्हणतात, "माह्या पोटाचा बाजार खुला हाये, तू मधात येऊ नको बे." मी त्यांचा शेजारी, आणि त्यातून जिल्हा परिषद शाळेतला मास्तर, म्हणजे पगारी सरकार. मला ते रोजच सरकवतात.

एकदा मी वैतागून विचारलं, "भाऊ, जेलात जायची तुम्हाले एवढी हौस काऊन?"

तेवढ्यात भाऊंच्या पत्नी सुमनवहिनी भिंत धरत धरत बाहेर आल्या, चहा ठेवला आणि तशाच वाकून आत गेल्या. लग्न होऊन आल्यापासून त्यांनी जन्मभर वाकून तण उपटत निंदणच केलं. वाकलेली कंबर पुन्हा सरळ झाली नाही. भाऊंचा आवाज एकदम खाली आला. "मास्तर, इची कंबर निंदन्यात गेली. हे कोन्या जीआरमधी लिवलं हाये काय? ते बियानं आंधीच मोकळं असतं त..."

खुल्या बाजाराचं व्याख्यान मला तोंडपाठ होतं, पण त्याच्या तळाशी वहिनींची कंबर आहे हे मला त्या दिवशी कळलं.

गेल्या साली त्यांनी वहिनींना बैलगाडीत गादी टाकून वावरात नेलं. तणाचं नाव नसलेलं वावर त्यांना दाखवायचं होतं. वहिनी वावराच्या कडेला धुऱ्यावर बसून बराच वेळ बघत राहिल्या. पऱ्हाटीत उगवणारी चिवळ ही त्यांची जीव की प्राण भाजी. निंदताना बाया ती ओटीत भरून आणायच्या, आणि निवडता निवडता अख्ख्या गावाची उणीदुणी निघायची. तणनाशकाला काही गवत कोणतं आणि चिवळ कोणती हे कळत नाही. निंदणच उरलं नाही, म्हणून बायाही नव्हत्या.

"लय साफ केलं तुमी," वहिनी म्हणाल्या. "दवाखान्यावानी दिसून राह्यलं." आणि रिकाम्या पदरानं गाडीत जाऊन बसल्या.

त्यानंतर बरेच दिवस भाऊ कोणालाच सरक म्हणाले नाहीत. आम्हाला वाटलं, तब्येत बिघडली.

यंदा श्रावणात मी त्यांच्या वावरावरून जात होतो. सगळं वावर लख्ख, पण विहिरीजवळच्या काही ओळींत हिरवं माजलेलं. तिथं वहिनी पोत्यावर बसल्या होत्या, सोबतीला शेजारच्या दोघी बाया. आणि भाऊ स्वतः विळा घेऊन गवत काढत होते, चिवळ राखत होते.

"भाऊ, इथं फवारलं नाही?"

"इथं फवारनीले बंदी हाये."

"कोनाची?"

"माह्यी." मग इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, "इथलं बियानंही दुकानातलं हाये. बिलाचं. कोन्या गड्यानं चुकून पंप मारला त पऱ्हाटीच जळन, म्हनून कोनी मारत नाही."

चोर बीटी उघड्यावर लावणारा माणूस कायदेशीर बियाण्याची कबुली देताना असा काही ओशाळला, की ठाणेदारांनी खरं तर आत्ता यायला हवं होतं. मला हसू यायला पाहिजे होतं. पण त्या माणसाची इतकी माया आली, की मी पायातला नसलेला काटा काढायला खाली बसलो.

वहिनी हात लांबवत होत्या, पण हात पोचेना. भाऊ नेमके चिवळीवरच बसले होते. उभ्या संसारात नवऱ्याला कधी हुकूम न सोडलेल्या वहिनी म्हणाल्या, "सरकार, जरा सरका."

बाया तोंडाला पदर लावून हसल्या. सरकारनं एकदा वहिनींकडे पाहिलं, आणि मुकाट्यानं सरकलं.