चार हजार कोस, सोळा तास

श्री. वायुदेवतेच्या पायी दंडवत घालोन लिहिणे ऐसे जे. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, पौष मास. एके राज्यी, नावाचे प्रयोजन नाही, मातुश्री शैलजाबाईसाहेब नांदत होत्या. त्यांची कन्या केतकीबाई समुद्रापार दूरनगरीस दिधली होती, ती गरोदर, दिवस भरत आलेले, आणि तिने दूरध्वनीवर हट्ट धरिला की, "आई, तुझा हात धरल्याशिवाय मी बाळंतपणाच्या खोलीत जायची नाही." बाईसाहेबांनी येते म्हणोन शब्द दिधला. मग जांवईबोवांनी लिहून धाडिले की, आकाशमार्गे अंतर चार हजार कोस, वेळ सोळा तास, विमान बुधवारी. पंचांग पाहतां बुधवारी अमावास्या निघाली. तेव्हां धुंडिराजशास्त्री यांणी तोड काढिली की, सोमवारी सुमुहूर्तावर प्रस्थान ठेवावे, म्हणजे तांदूळ, सुपारी व हळकुंड फडक्यात बांधोन शेजारघरी ठेवावे, गाठोडे निघाले तेथे माणूस निघाले ऐसे समजावे, आणि बुधवारी जातां जातां ते उचलोन पुढे व्हावे. त्याप्रमाणे शेजारीण कुमुदिनीबाई यांजकडे गाठोडे ठेविले.

बुधवारी गाडी दारी आली आणि पाहतात तो कुमुदिनीबाईंच्या दारास कुलूप, बाई सहकुटुंब हुरडा खावयास शेतावर गेलेल्या, आणि दूरध्वनी लागेना. गाडीवान बोलिला, "बाईसाहेब, चला आता. विमान काय आपल्यासाठी थांबतंय?" बाईसाहेब पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, "अमावास्येला, प्रस्थान न उचलता, बाळंतपणाला जाऊ? पोरीला काही झालं तर?" राग आला होता, परंतु भय अधिक होते. दोन तास गेले, मग कुमुदिनीबाई दाताला लागलेला हुरडा काढीत आल्या, गाठोडे हाती आले, आणि विमान गेले.

मग दुसरे दिवशीचे विमान धरिले, ते आडवळणाचे, मधल्या मुलुखात नऊ तास बसवोन ठेविणारे, आणि तेथे खुर्च्या लोखंडी, आणि चहा पाणचट, आणि पाय सुजोन चपला होईनात, आणि घड्याळ कोणत्या गावचे मानावे हे कळेना, आणि बाईसाहेब गाठोडे पोटाशी धरोन बसल्या. मग दूरनगरीच्या ठाण्यावर पहारेकऱ्याने गाठोडे सोडविले आणि धान्यबियाणे आणावयाची मनाई म्हणोन तांदूळ, सुपारी, हळकुंड सारे कचऱ्याच्या पेटीत टाकिले. बाईसाहेब भांडल्या नाहीत. भांडावयास अंगी त्राण नव्हते.

इस्पितळी पोहोचल्या तेव्हां नात तीन तासांची जाहली होती. बाईसाहेबांस रडू कोसळले. म्हणाल्या, "चुकलं ग बाई माझं. एका गाठोड्यापायी."

केतकीबाई म्हणाली, "मी नर्सचा हात धरला. फार गार होता ग." मग सरकोन पलंगावर जागा केली आणि म्हणाली, "आता धर." बाईसाहेबांनी हात धरिला, आणि पुढे अक्षर बोलावे तो बसल्या जागी डोळा लागला. मग बाळंतिणीने आपली शाल आईस पांघरिली, आणि हात सोडिला नाही.

येणेप्रमाणे वर्तमान जाहले. शास्त्रीबोवांचे मते बाईसाहेब सोमवारीच निघाल्या होत्या. जांवईबोवांचे कागदी वेळ सोळा तास. अंतर चार हजार कोस, याविषयी कोणाची तक्रार नाही. खरे किती लागले ते बाईसाहेबांस पुसावे, तर त्या निजल्या आहेत, कोणी उठवू नये.