पुढून सैल, मागून घट्ट

बाथरूमचे दार आतून बंद होते, नळ धो धो वाहत होता आणि उपड्या बादलीवर बसून मापेसाहेब स्वेटर विणत होते. दोन सुलट, दोन उलट. बाहेर चप्पल वाजली की त्यांचे हात जागच्या जागी थांबत. चप्पल लांब गेली की पुन्हा दोन सुलट, दोन उलट.

“अहो, अंघोळ करताय की धरण फोडलंय?” बाहेरून बायकोचा आवाज आला.

“झालंच!” साहेब ओरडले. लोकर प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबून त्यांनी ती टॉवेलात गुंडाळली आणि घाईघाईने डोक्यावर तांब्याभर पाणी ओतून घेतले. बाथरूममधून कोरडा बाहेर पडणारा नवरा कुठल्याही बायकोला संशयास्पद वाटतो, एवढे व्यवहारज्ञान त्यांना होते. इतकी सावधगिरी त्यांनी धाड घालतानाही कधी बाळगली नव्हती.

धाडी म्हणजे वजनकाट्यांवरच्या. साहेब वजनमापे खात्यात निरीक्षक होते, म्हणून सगळे त्यांना मापेसाहेब म्हणत. दुकानदाराचा काटा केसभर झुकता असला तरी त्यांना तो दारातूनच दिसे. माणूस सरळ, पण महा अस्वस्थ. खुर्चीत बसले की उजवा पाय हलायला लागे. पाय दाबून धरला की बोटे टेबलावर वाजायला लागत. बोटेही धरली तर मग ते उठून फ्रिज उघडत, आत बघत आणि बंद करत. दहा मिनिटांत फ्रिजमध्ये नवीन काही उगवत नाही, हे बायकोने त्यांना कैकदा समजावले होते.

शेवटी रक्तदाब वाढला. डॉक्टर बराच वेळ त्यांच्या पायाकडेच बघत बसले आणि मग म्हणाले, “गोळी देतो. पण हातांना काहीतरी काम लावा. विणकाम करा.”

“मी?”

“का? हात आहेत ना?”

घरातच गुरू होता. बायकोचे विणकाम सगळ्या कॉलनीत नावाजलेले. तिने विणलेला स्वेटर अंगात घातला की तो त्या माणसाच्या अंगावरच विणल्यासारखा बसे. शेजारीपाजारी, त्यांची पोरे, पोरांच्या मास्तरीणबाई, सगळ्यांना मापात. फक्त मापेसाहेबांचेच गणित कुठे तरी चुके. त्यांच्या कपाटात बायकोने विणलेले स्वेटर थप्पीने होते आणि एकजात सगळे गळ्याशी आवळत, काखेत काचत. “तुमचंच अंग वेडंवाकडं आहे,” असे म्हणून बायकोने तो विषय केव्हाच मिटवला होता. अपवाद एकच. एक जुना राखाडी स्वेटर, कधी काळी पार्सलने आलेला. तो घातला की कसे मोकळे वाटे. कोपरांना ठिगळे लागली तरी साहेब तोच घालत.

तर, शिकवणी सुरू झाली. 

“टाका सोडलात.”

“कुठे?”

“हा काय! आणि सुई अशी धरतात का? कुणाला भोसकायचंय?”

“तू जरा हळू सांग ना.”

“हळूच सांगतेय. मुंगी पण शिकली असती एव्हाना.”

तिसऱ्या दिवशी साहेबांनी सुया टेबलावर आपटल्या, हे आपल्याच्याने होणार नाही असे जाहीर केले आणि जाऊन फ्रिज उघडला. प्रकरण तिथेच संपायचे. पण एका संध्याकाळी शेजारणीच्या नातवाचा स्वेटर घडी घालताना बायको हसत हसत म्हणाली, “सगळ्या जगाला विणून झालं. मला मेलीला आजवर कुणी वीतभर पट्टी तरी विणून दिलीय?”

ती हसत म्हणाली खरी, पण साहेबांच्या ते फार जिव्हारी लागले. एवढ्या वर्षांत हे आपल्या लक्षात कसे आले नाही, याची त्यांना मनापासून लाज वाटली. पुढच्या महिन्यात तिचा वाढदिवस होता. दुसऱ्याच दिवशी ऑफिस सुटल्यावर त्यांनी वांगी रंगाची लोकर आणली आणि ती स्वतःच्या जुन्या बुटांच्या खोक्यात दडवली. बाह्यांच्या भानगडीत पडायचे नाही, बिनबाह्यांचाच विणायचा, हेही ठरवून टाकले.

नशीबही जोरावर होते. बायको आठवडाभर तिच्या ताईकडे राहायला गेली. साहेबांनी रजा टाकली, खिडकीशी खुर्ची ओढली आणि बायकोच्या एका स्वेटरचे टाके मोजून तेवढेच टाके सुईवर घातले. काय आश्चर्य! टाका सुटेना, लोकर गुंतेना. कुणी “असं नाही, तसं” म्हणेना. विणता विणता साहेब चक्क शीळ घालू लागले. आठवडा संपायच्या आत पुढचा भाग तयार झाला आणि पाय हलवायचा राहूनच गेला, हे त्यांच्या ध्यानातही आले नाही.

मागचा भाग मात्र बायको परत आल्यावर विणावा लागला, आणि तो असा बादलीवर बसून, नळ सोडून, जीव मुठीत धरून. झाला एकदाचा. बायको भाजी आणायला गेल्याचे पाहून साहेबांनी दोन्ही भाग पलंगावर एकमेकांवर ठेवले आणि त्यांच्या तोंडचे पाणी पळाले. टाके तेवढेच, ओळी तेवढ्याच, लोकर तीच, सुया त्याच. तरी पुढचा भाग मागच्यापेक्षा चांगला वीतभर रुंद! खात्याचा शिक्का असलेली टेप लावून त्यांनी पुन्हा मोजले. टेप खोटी निघाली असती तर त्यांना आनंदच झाला असता. दुसऱ्या कुणाचा हा माल असता तर त्यांनी जागेवर जप्त केला असता.

रात्री जेवताना त्यांनी सहज विचारल्यासारखे विचारले, “काय गं, टाके सारखे घालूनही एक भाग मोठा, एक लहान असं होतं का कधी?”

बायकोचा घास हातातच राहिला. “तुम्हाला कशाला हवंय?”

“मला नाही गं. ऑफिसात त्या... कॅशियरबाई आहेत ना, त्या विणतात. त्यांचं झालंय तसं.”

“होतं की. हात मनासारखा चालतो. मन शांत असलं की टाका सैल पडतो. डोक्याला ताप असला की आवळला जातो.” बायको रंगात आली. “मी तर नुसता हात फिरवून सांगेन. मागे शेजारणीच्या सुनेनं विणलेला दाखवला होता ना तिनं? मी म्हटलं, इथपर्यंत तू माहेरी विणलास आणि इथून पुढं सासरी. रडायलाच लागली बिचारी.”

साहेबांना ठसका लागला. मन शांत असलं की सैल. ताप असला की घट्ट. म्हणजे बायको नसताना विणलेला भाग ऐसपैस, आणि बायको घरात असताना विणलेला आकसलेला! आणि हे ती नुसता हात फिरवून ओळखणार, तेही ऐन वाढदिवशी! तिला आयुष्यात पहिल्यांदा मिळणारा स्वेटर म्हणजे ‘तू नसलीस की मी सुखात असतो’ असे लोकरीत विणून दिल्यासारखेच होणार होते. ते खरे नव्हते, निदान पूर्ण खरे नव्हते; पण काटा समोर दिसत असताना दुकानदाराचे कोण ऐकतो?

उपाय एकच होता. मागचा भाग उसवायचा आणि पुन्हा सैल हाताने विणायचा. त्यासाठी शांतता हवी. शांततेसाठी बायकोने ताईकडे जायला हवे.

“ताईंकडे जाऊन ये ना चार दिवस,” सकाळी ते म्हणाले.

“आत्ताच तर आले!”

“त्यांचे गुडघे दुखतात म्हणत होतीस.”

“गुडघे माझ्या ताईचे. तुम्हाला कधीपासून कळवळा?”

“मी आपलं तुझ्यासाठीच म्हणतोय. जरा हवापालट...”

बायकोने त्यांच्याकडे नीट निरखून पाहिले. तासतासभर अंघोळ. अंघोळीनंतर कपाटाशी खुडबुड. कुणा कॅशियरबाईच्या विणकामाची काळजी. आणि आता बायकोला घराबाहेर घालवायची घाई! तिने दोनात दोन मिळवले आणि उत्तर बावीस काढले.

“कोण आहे ही कॅशियरबाई?” तिने विचारले.

“कोण म्हणजे? कॅशियर आहेत.”

“विणतात कुणासाठी?”

“मला काय ठाऊक! त्यांच्या... नवऱ्यासाठी असेल.”

“असेल? म्हणजे नवरा आहे की नाही हेही ठरलं नाही अजून?”

साहेबांचा पाय टेबलाखाली असा सुटला की कपबश्या वाजायला लागल्या. बायकोला याहून वेगळा पुरावा नको होता. दुपारी ती बॅग भरून निघाली. “जाते. करा मजा,” एवढेच म्हणाली आणि दार असे काही लावले की भिंतीवरचे घड्याळ तिरके झाले.

हवी ती शांतता मिळाली. साहेबांनी मागचा भाग उसवला, खुर्ची खिडकीशी ओढली, सुया हातात घेतल्या आणि शीळ घालून पाहिली. शीळ येईना. फोन केला तर तिने उचलला नाही. दोन ओळी विणून पुन्हा फोन केला. ताईंनी उचलला आणि “ती झोपलीय,” असे अशा आवाजात सांगितले की ती शेजारीच जागी बसली आहे हे कुणालाही कळावे. घर खायला उठले. साहेब विणत, फ्रिज उघडत, पुन्हा विणत. टाके इतके आवळले जाऊ लागले की सुईचे टोक आत शिरेना. नळ बंद होता, दाराशी चप्पल वाजत नव्हती, तरी हात सैल सुटेना. चप्पल वाजावी म्हणून तर ते आता सारखे दाराकडे बघत होते. वाढदिवसाच्या आदल्या संध्याकाळी मागचा भाग पुरा झाला आणि तो बाथरूममधल्यापेक्षाही दोन बोटे अरुंद भरला. आता पुन्हा उसवायला वेळ नव्हता. त्यांनी तसाच ओढूनताणून शिवून टाकला.

वाढदिवशी सकाळीच दाराची बेल वाजली. बायको बॅग घेऊन उभी होती. चेहरा गंभीर.

“तुमच्या ऑफिसात फोन केला होता,” ती आत येत म्हणाली. “म्हटलं, कॅशियरबाईंना द्या. पलीकडून घोगरा आवाज आला. ‘बोला, मीच कॅशियर.’ म्हटलं, बाई हव्यात. तर म्हणतात, ‘वहिनी, गेली वीस वर्षं मीच आहे, आणि मला मिशा आहेत.’”

साहेब खाली मान घालून उभे राहिले.

“आता खरं काय ते सांगा. मिशीवाल्या बाईसाठी मला का घालवलंत?”

साहेबांनी बुटांचे खोके आणले आणि तिच्या हातात दिले. झाकण काढताच बायको मटकन खाली बसली. वांगी रंग. दोन सुलट, दोन उलट.

“तुम्ही विणलात?” तिचा आवाज एकदम बारीक झाला. “माझ्यासाठी?”

“हो. म्हणून तर त्या तासतासभर अंघोळी.”

तिचे डोळे भरून आले. इथे ही गोष्ट संपली असती तर साहेबांवर फार उपकार झाले असते. पण विणणाऱ्या बाईची बोटे रडताना थोडीच स्वस्थ बसतात! ती पुढच्या भागावरून फिरली आणि थांबली.

“हा मी ताईकडे गेले होते तेव्हाचा.”

साहेबांचा पाय हलायला लागला.

“काय मोकळा टाका आहे! एक चूक नाही. बरंच सुख लागलं होतं म्हणायचं मी नसताना.” तिने स्वेटर उलटा केला. मागच्या भागात नख घालून पाहिले. नख शिरेना. “आणि हा? लोकर गुदमरलीय नुसती. हा मी घरात असतानाचा, होय ना?”

“नाही,” साहेब म्हणाले. “तो उसवला मी. हाही तू ताईंकडे असतानाचाच. आत्ताचा. तू रागावून गेलीस ना, तेव्हाचा.”

घट्ट टाक्यांवरून बायको कितीतरी वेळ बोटे फिरवत राहिली. मग उठली आणि तिने स्वेटर अंगात घातला. पुढून तो झबल्यासारखा हलत होता, मागून पाठीला चिकटला होता.

“वेडेच आहात,” ती म्हणाली. “बाजूनं पट्ट्या घातल्या की छान बसेल. मीच घालते. लोकरीचा गुंडा धरा.”

ती सुया घेऊन पलंगावर बसली, साहेब समोर गुंडा धरून. सकाळचे गार होते म्हणून त्यांनी राखाडी स्वेटर चढवला होता. वादळातून सुखरूप सुटलेल्या माणसाच्या समाधानाने ते त्याच्या मोकळ्या गळ्यावरून हात फिरवू लागले, आणि मध्येच त्यांचा हात थांबला. त्यांनी एक टाका बोटाने ताणून पाहिला. मग दुसरा.

“काय गं,” ते म्हणाले, “हा तू कधी विणला होतास?”

“तुमची बदली झाली होती ना, पोरीची शाळा होती म्हणून आम्ही इथंच राहिलो, तेव्हा.”

“आणि कपाटातले बाकीचे?”

बायकोने मान वर केली नाही. ओठांतल्या ओठांत ती टाके मोजत होती.

“बाकीचे नंतरचे,” ती म्हणाली. “मग तुम्ही परत आलात. गुंडा नीट धरा, पाय हलतोय तुमचा.”