अळणी कोबीने पाठगड घेतला त्याची हकीकत

दोस्तहो, बार्लीचा चहा खाली ठेवावा, मोबाईल पालथे घालावे आणि सावध चित्ते ऐकावे, की नामवॉन नगरी ऐन हिवाळियात दाओन नामे सहा महिन्यांच्या राजकन्येच्या तिसऱ्या लसीची जी मोहीम जाहली, तिचे वर्तमान जैसे घडले तैसे सांगतो, पदरचे मीठ घालीत नाही. मीठ पुढे आपसूक येणार आहे.

तर गनीम कोण, डांग्या खोकला. आणि गड कोणता, तर खासा आजीसाहेब ओ माल्सुन यांची पाठ. नात दिवसभर तेथे रजईपट्ट्यात बांधलेली, आणि ती गाठ आजीसाहेबांखेरीज कोणास सुटल्याचे ऐकिवात नाही. पहिल्या दोन लसी बिनबोभाट पार पडल्या. आणि मग शेजारीण सुगजा हरकारा होऊन आली, की ताई, पाळणाघरात सहा पोरं डांग्या खोकल्यानं हैराण, आणि त्यातल्या चौघांना लस दिलेली. आजीसाहेबांनी तत्क्षणी फर्मावले जे, चार विरुद्ध दोन, लस हरली, आजपासून सुई बंद. आणि गाठीस आणखी एक वेढा दिला.

इकडे गनीम दोन गल्ल्यांवर येऊन ठेपला. एवढ्याशा जिवाचा त्या खोकल्यात श्वासच अडकतो, हे राजकन्येच्या मातोश्री सोल्हीबाई जाणून होत्या, आणि त्यांस अन्न गोड लागेना. मग पिताश्री तेग्यूराव आलेख, तक्ते ऐसा जंगी तोफखाना टॅबवर चढवून चालून गेले.

"आई, टक्केवारी तरी बघ."

"तुझे टक्के शाळेत बघितलेत मी," आजीसाहेब म्हणाल्या, आणि तेग्यूरावांनी शिकस्त खाऊन न्हाणीघराचा आसरा घेतला.

मग आली रविवारची सकाळ, आणि आजीसाहेबांनी पाठीवरल्या राजकन्येसह अंगणात जाऊन किमचीचा, म्हणजे खारवलेल्या तिखट कोबीचा, रांजण उघडला, आणि आत पाहतात तो पाच कोबी लिबलिबीत. सुगजाबाई तेथे वाडगा घेऊन हजर होत्याच.

"यातले तीन तर मीठ लावलेले दिसतायत, ताई," सुगजाबाई म्हणाल्या. "अळणी दोनच. मिठानंच नासलं म्हणायचं."

आता काय सांगावे. आजीसाहेब उसळल्या ऐशा, की राजकन्या पाठीवर जागी होऊन टाळ्या वाजवू लागली.

"अगं शहाणे, चाळीस कोबी घातले मी. अडतीस मिठातले, त्यातले तीन गेले. मीठ लावलं तरी एखादा जातोच. अळणी होते दोनच, या तेग्यूनं मीठ लावायचं विसरून ठेवलेले. ते दोन्ही सडले. नुसते नासलेले काय मोजतेस, घातले किती ते विचार ना."

सोल्हीबाई उंबऱ्यावर लसूण सोलीत होत्या. त्यांनी मान वर न करिता हळूच अर्ज केला, "आई, त्या पाळणाघरात मुलं पन्नास आहेत. लस न दिलेली फक्त तीन."

आजीसाहेबांचा हात रांजणातच राहिला. आणि मग त्या बोटांवर मोजू लागल्या, तिखटाने लाल बोटे, तिघांतली दोन, आणि सत्तेचाळिसांतली चार, आणि पुन्हा तेच, आणि सुगजाबाई वाडगा झाकून निघू लागल्या.

"बैस," आजीसाहेब म्हणाल्या. "सोल्ही, दवाखाना किती वाजता उघडतो उद्या?"

दुसरे दिवशी दवाखान्यात आजीसाहेबांनी ती गाठ स्वहस्ते सोडली. लस टोचली, राजकन्येने एकच किंकाळी फोडली, आणि आजीसाहेबांनी नर्सबाईंकडे ऐसे पाहिले की त्या दोन पावले मागे सरल्या. मग त्यांनी आपलीही बाही वर केली, की घरात खोकला कोणी आणलाच तर तो मीच आणीन, मलाही द्या.

परतीच्या वाटेवर सुगजाबाई पुन्हा आडव्या आल्या, की ताई, ऐकलंत का, त्या लसीनं म्हणे तिघांना ताप आला.

"कितीपैकी?" आजीसाहेबांनी विचारले, आणि गाठ आवळून चालू लागल्या.

ऐसी फत्ते जाहली. तेग्यूरावांनी विजयाचा मान मागितला, की ते दोन कोबी मीच विसरलो होतो. दरबारी ठरले जे, मान कोबीस द्यावा आणि तेग्यूरावांनी रांजण घासावा. ते अद्याप घासीत आहेत.