मोरभट वैद्यांनी नारळ अडविला त्याचे वर्तमान

श्रीअग्निनारायण प्रसन्न. भट्टीच्या देवीस दंडवत घालून, शके १६९० सर्वधारीनाम संवत्सरी फाल्गुनमासी एका राज्यात जे घडले ते सांगतो, ऐकणाराने कान देऊन ऐकावे. त्या राज्यी तोफा ओतण्याचा कारखाना होता, आणि तेथे ओतारी भाजत फार, म्हणून सरकारांनी मोरभट वैद्य नेमून दिले, की ज्यास भाजेल त्यास लेप लावावा. मोरभटांनी लेप लावले, आणि मग आणखी लावले, आणि मागल्या ओतणीस मुख्य ओतारी सटवोजी याचा धाकटा भाऊ येसोजी याचे दोन्ही डोळे गेले, तेव्हा वैद्यांस नुसता लेप पुरेसा वाटेना. मग ते लेपाचे मडके घेऊन भट्टीपाशीच जाऊन बसले.

तेथे पाहतात तो काय, दिवसाचे पहिले ओतणीस साच्याच्या तोंडावर देवीचा नारळ फोडावा ही वाडवडिलांची चाल, आणि नारळाचे पाणी साच्यात उतरावे, आणि मग वितळला रस त्यावर पडताच उसळून माणसांचे तोंडावर यावा. पुढल्या ओतण्या नारळाविना होत, त्यात कोणास झळ लागत नसे. अहो, घरी वडे तळता कढईत थेंब पडला तर सारे मागे सरतात, आणि येथे तर पाण्यावर धातूचा रस! मोरभटांनी हे कारखानीस गिरमाजीपंतांस सांगितले. पंत हसले आणि म्हणाले, वैद्याने लेप लावावा, भट्टीत नाक खुपसू नये. त्यावर वैद्य बोलिले, "पंत, भाजला माणूस मजकडे येतो तेव्हा वेळ गेलेली असते. म्हणून मीच आधी येथे आलो आहे." ओतारीही चिडले, की देवीचा मान चुकला तर तोफ तडकेल. सटवोजी तर म्हणाला, येसोजीचे नशीबच तैसे. आणि साच्याच्या तोंडाशी येसोजी उभा राहत असे, ते काम आता सटवोजीकडेच आले होते.

पुढे मोठ्या तोफेचा मुहूर्त आला, आणि सरकारांची पालखी आली, आणि रस तयार जाहला, आणि सटवोजीने नारळ उचलिला. तो मोरभट धोतराचा काचा मारून साच्याच्या तोंडाशी जाऊन उभे ठाकले. म्हणाले, "नारळ येथे फुटणार तर रस आधी मजवर उडेल. मी हलणार नाही." गिरमाजीपंतांचे तोंडचे पाणी पळाले. सरकारांदेखत ब्राह्मण भाजला तर पाप कोणाचे माथी, आणि ओढून काढावा तर हात कोणी लावावा? वैद्यांनी जागा सोडिली नाही. इकडे मुहूर्त टळू लागला, आणि रस निवू लागला. तेव्हा दाराशी बसला होता येसोजी, आंधळा जाहला तरी ओतणीचे दिवशी त्यास घरी राहवत नसे, तो बोलिला, "दादा, नारळ इकडे आण. देवीस उंबऱ्यावरचा नारळ पोचत नाही काय?"

सटवोजीने भावाचे तोंडाकडे पाहिले, आणि मग तो चालत दाराशी गेला आणि नारळ येसोजीचे हाती दिला. येसोजीने उंबरा चाचपून नारळ फोडिला. मग सटवोजी साच्यापाशी परतला, वैद्य बाजूस सरले, आणि रस सोडिला, तो साच्यात निमूट उतरला, आणि सटवोजी तोंडाशी उभा होता तैसाच उभा राहिला. तेव्हा मोरभट मट्‌कन खाली बसले. सरकारांनी पुसिले, आज वैद्याने काय केले? गिरमाजीपंतांनी अर्ज केला, की काही नाही, लेपाचे मडके भरलेले तैसेच आहे. ते ऐकून मोरभटांस फार बरे वाटले.

तात्पर्य इतुकेच, की त्या राज्यी वैद्याची बैठक भट्टीपाशी कायम जाहली, आणि नारळ उंबऱ्यावर फुटू लागला, आणि तोफही तडकली नाही. सटवोजी म्हातारा होऊन वारला, आणि शेवटपर्यंत भावाचा हात धरून त्यास वाट तोच दाखवीत होता. घडले तैसे लिहिले, अधिक उणे देवीने पोटात घालावे.