बगळ्याचे दात

"काका, पोरीनं मशीन खोललं तर मशीन रुसतं का हो?"

आता खरं सांगायचं तर हा प्रश्न गायत्रीचा नव्हताच. तो तिच्या मैत्रिणीच्या, रंजनाच्या सुपीक डोक्यातून निघाला होता. नववीचा शेवटचा पेपर देऊन दोघी सुरतेत डिंडोलीच्या नाक्यावर बर्फाचा गोळा चोखत उभ्या होत्या आणि समोर बन्सीलालकाकांचं दुकान होतं. पंखे, मिक्सर, पाण्याच्या मोटरी, सगळ्यांचा दवाखाना! काकांचा चेहरा मात्र असा, की आजारी पंखासुद्धा बघून आपणहून फिरायला लागावा. "विचारून दाखव, हिंमत असेल तर," रंजना म्हणाली. आणि आमच्या गायत्रीला हिंमतीचं नाव काढलं की झालं! काल-परवापर्यंत वर्गात हजेरीला 'हजर' म्हणताना जिचा आवाज घशात अडकायचा, तीच ही. गॅदरिंगमध्ये एक बक्षीस काय मिळालं, तेव्हापासून ती डिंडोलीची महापौर असल्यासारखी चालायची.

काकांनी चष्म्यावरून पाहिलं. "मशीन शानुं रिसाय? मशीननो मालिक रिसाय!" म्हणजे मशीन कशाला रुसतंय, रुसतो तो मालक!

दुसरी कुणी असती तर हसून पळाली असती. गायत्री म्हणाली, "माझ्या घरी एक बंद मशीन आहे. ते मी चालू करून दाखवलं, तर सुट्टीभर मला दुकानात शिकायला ठेवाल?"

"राखीश," काका म्हणाले. ठेवीन!

रंजनाचा गोळा काडीवरून सुटून थेट चपलेवर पडला.

घरातलं ते मशीन म्हणजे साधासुधा मिक्सर नव्हे हं. गायत्रीची आई प्रमिलाबाई नानपुऱ्यात एका पारशी बाईंकडे स्वयंपाकाला जायची. त्या बाई लेकीकडे कायमच्या राहायला निघाल्या, तेव्हा त्यांनी हे कणीक तिंबायचं मशीन आईला देऊन टाकलं. जाडजूड लोखंडी पाय, वर लांब मान, मानेखाली भांडं आणि भांड्यात गरगर फिरणारा आकडा. तळ्यात मान घालून उभ्या असलेल्या बगळ्यासारखं दिसायचं, म्हणून घरात त्याचं नावच पडलं बगळा. वजन इतकं, की रिक्षातून आणलं तेव्हा रिक्षावाल्याने दोन सवाऱ्यांचं भाडं मागितलं! दोन वर्षं बगळ्याने कणीक तिंबली आणि एके दिवशी 'घर्रर्र' करून जी समाधी लावली, ती लावलीच. सुरतेत प्लेग आला आणि सगळे गावी पळाले तेव्हासुद्धा तो एकटा मान खाली घालून घर सांभाळत बसला होता.

"आखाजीला मांड्यांची कणीक बगळाच तिंबणार!" गायत्रीने त्या दुपारी जाहीर केलं. आखाजी म्हणजे खानदेशातली अक्षय्य तृतीया.

आईच्या हातातली सुपली थांबली. "मांड्यांची? अगं, तासभर आपटून आपटून तिंबावी लागते ती कणीक. तुझा बगळा पावाचं पीठ मळणारा!"

"तिंबली तर मी सुट्टीभर बन्सीलालकाकांकडे शिकायला जाणार."

"आणि नाही तिंबली तर?"

"नाही तिंबली तर..." इथे गायत्री जरा अडखळली.

"तर सुट्टीभर माझ्याबरोबर खापरासमोर बसायचं," आई म्हणाली. "चांगले पन्नास मांडे हातावर वाढवता येईपर्यंत!"

मे महिना, सुरतेचा उकाडा आणि चुलीवर पालथं घातलेलं तापलेलं खापर! गायत्रीच्या अंगाला नुसत्या कल्पनेनेच चटका बसला. पण दिला शब्द तो दिला.

बाबा, म्हणजे सुकदेवराव, लूमच्या कारखान्यात मास्टर. वीस वर्षं मागांच्या खडखडाटात काढल्यामुळे ते कानात सांगायची गोष्टसुद्धा गल्ली ओलांडून सांगत. "ग्रीस बदल!" ते एवढ्या जोरात म्हणाले, की समोरच्या ओट्यावरचं मांजर उठून गेलं. "मशीन म्हटलं की आधी ग्रीस!"

चार दिवस गायत्री बगळ्याच्या पोटात शिरली होती. मानेवरचं झाकण उघडलं तर आत ग्रीस वाळून चिंचेच्या गोळ्यासारखं काळंकुट्ट झालेलं. रॉकेलने धुतलं, चिंधीने पुसलं, नवं पांढरं ग्रीस भरलं, स्क्रू आवळले. बटण दाबलं. बगळ्याने एकदा शिंक दिली, आतून काळाकुट्ट होईल एवढा धूर सोडला आणि पुन्हा समाधी!

एवढ्यात आखाजी उजाडली आणि आदल्या संध्याकाळच्या गाडीने अमळनेरहून कुसुमआत्या येऊन पोचली.

कुसुमआत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. आखाजीला सासुरवाशीण माहेरी येते. माहेर सुरतेला गेलं म्हणून आत्याही सुरतेला आली, एवढंच. स्वभाव असा, की तिच्यासाठी पाट मांडताना आई तो तीनदा पुसायची. मागे एका आखाजीला कुणीतरी 'जाड झालीस' म्हटलं, तर आत्या त्या घरी सात वर्षं गेली नव्हती!

सकाळी आईने अंगणात चूल पेटवून खापर चढवलं. डाळ शिजली, पुरण वाटून झालं. कणकेचा पत्ता नाही! शेवटी गायत्री धावत जाऊन बन्सीलालकाकांनाच घेऊन आली. "फक्त बघून सांगा, काका. करणार मीच!"

दाराजवळच्या टेबलावर बगळा. बगळ्याला टेकून, दातांना मिश्री चोळत आत्या उभी. काका आले, डोळे बारीक करून त्यांनी बगळ्याच्या उघड्या मानेत पाहिलं. फक्त ते ज्या बाजूने वाकले होते त्या बाजूने बघणाऱ्याला वाटावं, की ते आत्याच्याच तोंडात बघताहेत!

"दांता तो घसाई गया," काका म्हणाले.

आत्या मिश्री चोळायची थांबली.

"ब्रश तो समजो छे ज नहीं. मोढुं खोल्युं तो अंदर बधुं काळुं मेश!"

आत्याने तोंड घट्ट मिटलं.

काकांनी बगळ्याची मान हलवून पाहिली. "ने डोकुं पण ढीलुं छे. आटला जूना माल पाछळ खर्चो न कराय. भंगारमां काढो."

आता मंडळी, आत्याला गुजराती येत नव्हतं. पण दात, ब्रश, काळं, ढिलं डोकं, जुना माल आणि भंगार, एवढं कळायला गुजराती कशाला यायला हवं?

"माय वं!" आत्याने अंगणात जाऊन अशी पिचकारी टाकली, की चूल विझता विझता वाचली. "कोन शे हाऊ मानूस? मना दातस्ले नावे ठेवस? मनं डोकं ढिलं? माले भंगारमा काढस? भाऊ, तू माले आखाजीले याकरता बलावं व्हतं का?"

"आक्का, काय झालं?" बाबा ओरडले. ते नेहमीसारखेच बोलले होते, पण आत्याला वाटलं, भाऊ आपल्यावर खेकसला!

झालं! आत्याने पिशवी उचलली. "हाई घरमा कोनाज हातनं खासू, त मना नाव कुसुम नई!"

आईच्या हातातलं उलथनं गळून पडलं. आखाजीला बहीण माहेराहून उपाशी गेली, तर अमळनेर ते धुळे एकही घर नावं ठेवायचं राहणार नाही. आणि हे सगळं झालं ते कुणामुळे? आईने गायत्रीकडे पाहिलं. त्या नजरेत तिला पन्नास नाही, पाचशे मांडे दिसले!

"आत्या!" गायत्री दारात आडवी झाली. "अगं ते तुझे दात नाहीत! मशीनचे दात!"

"मशीनले दात ऱ्हातस?"

"राहतात! आणि ब्रशसुद्धा असतो!"

"मंग सकायले चूळ बी भरत व्हई?"

"खरंच गं! बघ तरी!"

आत्या वाद घालेल, रुसेल, पण कुतूहल काही तिला आवरायचं नाही. पिशवी काखेत तशीच ठेवून तिने बगळ्याच्या मानेत डोकं घातलं. आत पितळी गिअर होता आणि त्याचे दाते एका अंगाने गुळाच्या ढेपेसारखे झिजले होते. आत्याने बोट फिरवलं. चष्मा लावला. पुन्हा बोट फिरवलं.

"एकच अंगनी घसायनात," ती म्हणाली. "दुसरं अंग कोरं शे. चप्पल उजव्या पायनी झिजनी, त डाव्या पायात घालतस ना? पलटी टाका!"

गायत्रीने भाषांतर केलं. बन्सीलालकाका, जे एव्हाना उभ्या पंख्यामागे लपले होते, ते बाहेर आले. त्यांनी गिअर काढला. उलटा करून बसवला. दाता दात्यात असा बसला, जणू मांडवात व्याही व्याह्याला भेटला!

"मासी!" काका म्हणाले. त्यांचा आवाज पहिल्यांदाच गोड निघाला. "तमे तो मिकेनिक छो!"

"काय म्हनस?"

"तू मेकॅनिक आहेस म्हणतात."

आत्याने पिशवी काखेतून काढून कोपऱ्यात ठेवली. शपथ मात्र कायम!

आता राहिला ब्रश. मोटरला वीज पोचवणारा कोळशाचा एवढासा तुकडा. सणाचा दिवस, बाजार बंद. पण गायत्रीही काही कमी नव्हती! ट्रान्झिस्टरचा संपलेला सेल तिने दगडाने फोडला, आतली कोळशाची कांडी काढली, ओट्याच्या पायरीवर घासघासून दोन तुकडे केले आणि बसवले. लाल वायर इकडे, काळी तिकडे. की काळी इकडे, लाल तिकडे? असो! वायर ती वायर, असं म्हणून तिने पटकन स्क्रू आवळले. काका तेव्हा आत्याकडून चपलेचं तत्त्व पुन्हा समजून घेत होते, त्यांनी काही पाहिलं नाही.

भांड्यात पीठ पडलं, पाणी पडलं, चिमूटभर मीठ पडलं. सगळं बन्सीलालकाकांनी चमच्यानेच घातलं, कारण कणकेला हात लागता कामा नये, ती बगळ्यानेच तिंबायची होती.

बटण! घरातला दिवा मंद झाला. शेजारच्याचा पंखा मंद झाला. आणि बगळा फिरला!

"चालला!" बाबा ओरडले. या वेळी त्यांचा आवाज बरोबर होता.

पाच मिनिटं सगळं झकास चाललं. पण गायत्रीच्या लक्षात आलं, की कणीक भांड्यात खाली बसायच्या ऐवजी आकड्याला धरून वर चढतेय. बगळा उलटा फिरत होता! नागाने वारूळ सोडावं तशी ती चढली. बगळ्याच्या मानेला तिने गळपट्टा घातला. गायत्रीने वेग कमी करायला मूठ फिरवली, तर मूठच हातात आली! बगळा भन्नाट सुटला. टेबल नाचायला लागलं. एक लोळा सुटला तो कॅलेंडरवर, दुसरा काकांच्या चष्म्यावर. "आंधळो थई गयो!" काका ओरडले. तिसऱ्याने बाबांची मिशी झाकली.

"प्लग काढ!" आई अंगणातून ओरडली.

"मग? मग?" बाबांना ऐकू आलं.

गायत्रीने टेबलाखाली सूर मारला आणि प्लग ओढला. पण त्याच्या क्षणभर आधी मानेवरचा सगळ्यात मोठा लोळा सुटला होता. हवेत गिरक्या घेत तो पसरला, पसरला, धुतलेल्या धोतरासारखा पातळ झाला, दारातून बाहेर गेला आणि थप्प! थेट तापल्या खापरावर.

सगळे अंगणात धावले.

खापरावर मांडा फुगायला लागला. पातळ, गोल, कडेला जरा लांबोडका, पण मांडाच! पुरण तेवढं नव्हतं. आईचा हात सवयीने तो उलटायला पुढे गेला.

"हात नको लावू वं!" आत्या गरजली.

आईने हात मागे घेतला. आत्या पदर खोचून पुढे झाली. तिने स्वतःच मांडा उलटला, भाजला, उचलला, घडी घातली. वाटीतलं पुरण स्वतःच्या बोटाने त्यावर फासलं. "हाऊ मांडा कोनाज हातना नई शे," ती सगळ्यांना बजावून म्हणाली. "मशीननं पीठ, मशीननं फेकं. शपथ मोडस नई." आणि तिने पहिला घास घेतला. त्या झिजलेल्या म्हणतात त्या दातांनी तिने अख्खा मांडा संपवला, मंडळी, आणि वर तुपाची वाटी मागितली!

बाबांनी मिशीतली कणीक पुसली. डोळेही पुसले, कणकेमुळे असावं.

जेवणं झाली. (बाकीचे मांडे आईने हातानेच केले, आणि आत्याने तेही खाल्ले. एकदा सुरुवात झाली की शपथेचं कोण बघतं?) बन्सीलालकाकांनी गायत्रीला ओट्यावर बोलावून बराच वेळ हळू आवाजात काहीतरी सांगितलं. गायत्रीचा चेहरा आधी फुलला, मग जरासा उतरला, मग पुन्हा फुलला. केसांत कणीक, नाकावर ग्रीस, अशी ती आत आली आणि आईबाबांसमोर ताठ उभी राहिली.

"कणीक मशीनमधून निघाली की नाही?"

"निघाली ना," आई कॅलेंडर खरवडत म्हणाली. "अजून निघतेय."

"मग माझं ठरलं! उद्यापासून सुट्टीभर मी बन्सीलालकाकांच्या दुकानात जाणार. आत्यापण महिनाभर इथेच राहणार, तिचंही ठरलंय." गायत्रीने पुढचं वाक्य शक्य तितक्या घाईत उरकलं. "मेकॅनिक म्हणून काकांनी तिलाच ठेवलंय. पण तिला गुजराती येत नाही ना, म्हणून मी जाणार... दुभाषी!"