वारसा दर्जाची ओल

इमारतीची पुढची बाजू हीच खरी बाजू असते. मागची बाजू केवळ पुढची पडू नये म्हणून बांधलेली असते. कैरोतल्या जुन्या बाजारपेठेच्या एका कोपऱ्यावरच्या रहिवाशांना मात्र हे ठाऊक नव्हते. ते वर्षानुवर्षे दोन्ही बाजूंनी राहत होते.

त्यांचे अज्ञान घालवायला पुनरुज्जीवन समिती आली. समितीकडे शंभरएक वर्षांपूर्वीचा फोटो होता. हज करून आलेले हाज रिफअत आज जिथे नळ आणि संडासाची भांडी विकत होते, तिथे त्या फोटोत बायकांच्या टोप्यांचे दुकान होते. तेव्हा पाटी 'टोप्या' अशी लागली, काचेत टोप्या मांडल्या गेल्या आणि भांडी पडद्याआड मर्यादेने बसली. (टोपीसाठी आत आलेल्या बायका माफी मागून बाहेर पडत.)

रिफअतनी हेही सोसले असते. पण मागच्या बाजूला, तिसऱ्या मजल्यावर नगात नावाची त्यांची विधवा बहीण राहायची, आणि सांडपाण्याचा पाइप तिच्या भिंतीत फुटला होता.

"मॅडम, रंग लावण्याआधी तेवढा पाइप बदला," ते समितीच्या इंजिनियर नरमीनबाईंना म्हणाले. "भिंत भिजतेय."

नरमीनबाईंनी फोटो पुन्हा निरखला. "यात पाइप दिसत नाही, हाज."

"तो मागे आहे."

"मग आमच्या कक्षेत नाही."

नगात जिन्यातच उभी होती. "दादा, बाईंना चहाला बोलव," ती म्हणाली. "फक्त छत्री आणायला सांग."

दर्शनी भागाला मलईसारखा रंग लागला, आणि उद्घाटनाच्या आठवड्यात मागची ओल झिरपून त्यावर भला मोठा तपकिरी डाग उमटला. समितीपुढे तीन पर्याय होते: पाइप दुरुस्त करणे (कक्षेबाहेर), डाग रंगवणे (दोनदा रंगवला, दोनदा परतला) आणि डागाचा अभ्यास करणे. तिसरा एकमताने मंजूर झाला. डागाची छटा जुन्या फोटोतल्या भिंतीशी तंतोतंत जुळते, असे अभ्यासात निघाले. (फोटोतले आभाळही त्याच छटेचे होते, पण आभाळ कक्षेबाहेर होते.) म्हणजे डाग हाच मूळ रंग. अख्खी इमारत डागाच्या रंगाने रंगवली गेली, उद्घाटन झाले, टाळ्या पडल्या.

पुढच्या शुक्रवारी नमाजानंतर रिफअतनी बाह्या सारल्या, दुकानातलाच पाइप वर नेला आणि फुटका काढून बसवला. नगात बादली धरून उभी होती. त्या संध्याकाळी दोघांनी थेंब चुकवायला खुर्ची न सरकवता चहा घेतला. नगात बराच वेळ छताकडे बघत राहिली.

भिंत वाळली, डाग फिका पडला आणि रंगाशी जुळेनासा झाला. ऐतिहासिक ओलीचा स्रोत विनापरवाना बंद केल्याबद्दल नोटीस आली: पाइप पूर्ववत फोडून द्यावा, अन्यथा गाळा सोडावा.

"हाज, थोडासा फोडा," नरमीनबाई हळूच म्हणाल्या. "मलाही वर उत्तर द्यावं लागतं."

"मलाही वर जावं लागतं, मॅडम. तिसऱ्या मजल्यावर," रिफअत म्हणाले, आणि गाळ्याची किल्ली त्यांच्या हातात ठेवली.

आता ते मागच्या बोळात नळ विकतात. तिथे नळ दिसतात, त्यामुळे गिऱ्हाईक थोडे असले तरी नळच मागते. गाळ्यात टोप्या आहेत आणि दर्शनी भिंतीत, जिथे पाइप कधी नव्हताच तिथे, समितीने एक बारीक तोटी बसवून डाग ओला ठेवला आहे.

कोपऱ्याचा फोटो जगभर फिरतो आहे. तुमच्याकडेही आलाच असेल. 'आपल्याकडे असं कधी होणार?' असे लिहून तुम्हीच तो पुढे पाठवला होता.